ऑनलाइन दुकान आवरायचं की सावरायचं?

आम्ही दोघी नणंद-भावजय कोल्हापुरातून कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. मधे धंदा असा बसला की रात्री जेवणं उरकली की घरात एकच विषय निघायचा, दुकान ठेवायचं की बंद करायचं. आज गावोगावी कुणी मसाले, कुणी साड्या, कुणी गोधड्या अशाच विकतंय आणि त्यातल्या कितीतरी जणी याच प्रश्नापाशी अडल्या आहेत. त्यांना मिळणारे सल्लेही दोनच असतात: ‘जिद्द सोडू नको’ किंवा ‘कशाला तोट्यात बसतेस’. दोन्हींत हिशोब नसतो. आम्हाला जे हिशोबानं समजलं ते इथं लिहिते आहे.

१. मंदीच्या महिन्यात निर्णय घेऊ नका

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची खरी कोल्हापुरी पाण्यात टिकत नाही. भिजली की तळ फुगतो, शिवण सैल होते. त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे ऑर्डरी गळतात, आणि ऊन नसल्यानं कारागिराकडेही काम रेंगाळतं. ठेवलेल्या मालाला बुरशीपासून जपावं लागतं ते वेगळंच. अशा वेळी जुलैचा आकडा दिवाळीच्या आकड्याशेजारी ठेवला तर कुणालाही दुकान मेलंय असंच वाटेल. जुलैची तुलना मागच्या जुलैशी करायची. प्रत्येक मालाचा असा एक पावसाळा असतो, राखीवाल्यांचा राखीपौर्णिमा सरली की सुरू होतो, स्वेटरवाल्यांचा होळीनंतर. तो ओळखून एक पूर्ण वर्ष डोळ्यांसमोर घ्या.

२. एका जोडीमागे काय उरतं ते कागदावर मांडा

महिन्याची उलाढाल फार फसवी असते. ती वाढत असतानाही दुकान बुडत असू शकतं. म्हणून एकच जोडी घ्या आणि तिचा पैसा कुठं कुठं जातो ते लिहा. गोल आकड्यांत सांगते. जोडी विकली १,४०० रुपयांना. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे त्यातले ६७ रुपये सरकारचे. राहिले १,३३३. कारागिराला ८५०, कुरिअरला ११०, खोकं-पिशवी ३५. पेमेंट गेटवेचे दोन टक्के आणि त्यावर जीएसटी मिळून ३३. हातात उरले ३०५.

इथं बऱ्याच जणी थांबतात आणि धंदा फायद्यात आहे असं धरून चालतात. पण ती ऑर्डर जाहिरातीतून आली असेल तर जाहिरातीचा खर्च भागिले आलेल्या ऑर्डरी हेही त्या जोडीवर चढवायला हवं. तो २५० रुपये निघाला की उरतात ५५.

आता तीच जोडी परत आली असं समजा. जायचं कुरिअर ११०, यायचं ११०, खोकं ३५, जाहिरात २५०, म्हणजे ५०५ रुपये गेले. एका परत आलेल्या जोडीनं नीट विकल्या गेलेल्या नऊ जोड्यांची कमाई खाल्ली. हा हिशोब मांडला तेव्हा आमच्या दुकानाचं दुखणं कुठं आहे ते पहिल्यांदा कळलं. विक्री कमी होती हे खरंच, पण विक्री दुप्पट करून हे दुखणं बरं होणार नव्हतं. उलट परत येणारी पार्सलंही दुप्पट झाली असती.

ज्या मालात जाहिरात आणि परतावा धरण्याआधीच काही उरत नाही, आणि भाव वाढवला तर गिऱ्हाईक उठून जातं, तो माल ऑनलाइन विकण्यात अर्थ नाही. तिथं वेबसाइटचा रंग बदलून किंवा नवे फोटो काढून काहीही साधत नाही. असं असेल तर बंद करा, बिनदिक्कत करा.

३. परत आलेलं प्रत्येक पार्सल उघडून बघा

आमच्याकडे परत येणारा माल दोन प्रकारचा होता. एक, दारात गेलेला पण घेतलाच नाही असा, यात बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं. दुसरा, पायात घालून बघितलेला आणि ‘घट्ट होते’ म्हणून आलेला. पहिल्या प्रकारावर उपाय सोपा निघाला: दारात पैसे हवे असतील तर थोडी रक्कम आधी भरायची. ऑर्डरी घटल्या, पण ज्या घटल्या त्यातल्या बऱ्याचशा तशाही परतच यायच्या.

दुसऱ्या प्रकाराचं उत्तर आम्हाला कोल्हापुरातल्या सुभाषनगरच्या कारागीर मामांनी दिलं. आमचा बराच माल तेच करतात. परत आलेल्या जोड्या त्यांच्यापुढं ठेवल्या, तर त्यांनी एकेक हातात घेऊन पट्ट्याखालून बोटं फिरवली आणि म्हणाले, “ताई, आकडा नगा इचारू, पाऊल मागवा. दोघांचाबी नंबर आठच, पर एकाचा चवडा रुंद असतोय. त्यो ह्या पट्ट्यात कसा शिरंल?”

बरोबर होतं. लोक आपल्या बुटाचा नंबर टाकत होते. बुटाला नाडी असते, सैल-घट्ट करता येतं. कोल्हापुरीचा पट्टा आणि अंगठा पक्के शिवलेले. शिवाय कातडं पायावर हळूहळू सैलावतं, म्हणून ती पहिल्या दिवशी थोडी आवळच असावी लागते, आणि हे पुण्या-मुंबईतल्या नव्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं.

मग आम्ही ऑर्डर आली की गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर कळवू लागलो: संध्याकाळी, पाय दिवसभर चालून थोडा फुगलेला असताना, कागद फरशीवर ठेवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. पेन्सिल सरळ धरून पावलाचा आकार काढा. शेजारी मोजपट्टी ठेवून वरून फोटो पाठवा. टाच ते सगळ्यात लांब बोट आणि चवड्याची रुंदी, ही दोन मापं त्या फोटोवरून मिळतात. ती मामांकडे जातात, मग जोडी निघते. सोबत एक चिठ्ठी असते: पहिले काही दिवस घरातच तासभर घाला, पट्ट्याला आतून तेलाचा हात फिरवा, पाण्यापासून जपा.

हे काम वाढीव आहे. नणंदेची दुपार त्यातच जाते. पण ‘घट्ट होते’ म्हणून येणारी पार्सलं झपाट्यानं घटली. मला वाटतं, दुकान सुधारायचं की सोडायचं याचा खरा निकाल इथंच लागतो: माल परत येण्याचं कारण तुमच्या हातात आहे का? असेल तर दुकानाला एक संधी द्या.

४. खोकंसुद्धा मोजा

कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५,००० नं भागतात, आणि हे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांतलं जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आमचं बुटाचं खोकं ३३ बाय २० बाय १२ होतं, म्हणजे जवळजवळ १.६ किलो. चपला तळाला तळ लावून ३० बाय १४ बाय ८ च्या खोक्यात बसवल्या की ०.६७ किलो होतात. चप्पल तीच, हवेचे पैसे वाचले. हे काम एका दुपारचं आहे, निर्णय घेण्याआधी करून टाका.

५. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन ब्रँडच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या सँडल दिसल्या आणि देशभर चर्चा झाली. कोल्हापुरीचं नाव घराघरात गेलं याचा मला मनापासून आनंद झाला. कारागिरांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या कामाकडे त्या निमित्तानं लोकांनी पाहिलं. आमच्या पानावरही बघे वाढले, पण पाठवायच्या ऑर्डरी फारशा वाढल्या नाहीत, आणि तो पावसाळाही होता. अशा लाटेच्या भरवशावर माल भरून ठेवू नका. दुकान चालू ठेवण्याचं कारण म्हणूनही ती धरू नका.

६. दुसऱ्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला विचारा

वरच्या हिशोबात जाहिरातीचे २५० रुपये पुन्हा बघा. जे गिऱ्हाईक स्वतःहून परत येतं त्याच्यावर तो खर्च नसतो, म्हणून त्याच जोडीमागे ५५ ऐवजी ३०५ उरतात. आमची वही चाळली तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली: ज्याला पहिली जोडी मापात बसली, त्याच्याकडून वर्षा-दीड वर्षात दुसरी ऑर्डर येत होती, नाहीतर सासऱ्यांसाठी, जावयासाठी, भावाच्या लग्नासाठी कुणी ना कुणी नाव काढून येत होतं. अशा काही जणांना आम्ही फोन केले. काय आवडलं विचारलं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे आम्ही बंद केलं तर चप्पल कुठून घ्याल हे विचारलं. “गावी गेलो की शिवाजी मार्केटातून” म्हणणारे होते, “मग कशाला घेतोय” म्हणणारेही होते. या दुसऱ्या लोकांसाठी आपण आहोत हे कळलं. तुमच्या दुकानात असं कुणीच परत येत नसेल, तर माझ्या मते माल किंवा भाव यातलं एक चुकतंय, आणि ते जाहिरातीनं झाकत राहू नये.

७. अर्धं दुकानही बंद करता येतं

हे फार कमी लोक लक्षात घेतात. आम्ही मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरची विक्री थांबवली आणि स्वतःची वेबसाइट ठेवली. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी. तरी त्या बाजारपेठेत आमच्या जोडीशेजारी रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ निम्म्याहून कमी भावात दिसायची. तिथं गिऱ्हाईक भाव बघून निवडतं, पावलाचा कागद कुणी पाठवत नाही. कमिशन जायचं, पैसे उशिरा यायचे, करकपातीचे छोटे छोटे आकडे जुळवत बसावं लागायचं. बायकांच्या फॅन्सी नमुन्यांतलेही निम्मे काढले. उरलं ते कमी, पण त्यात जोडीमागे पैसा सुटतो.

८. तारीख आणि रक्कम आधी लिहून ठेवा

‘बघू अजून थोडे दिवस’ यात घरं बसतात. आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: पुढच्या लग्नसराईच्या शेवटपर्यंत, आणि आणखी अमुक इतकेच पैसे. घरातलं सोनं गहाण ठेवायचं नाही, मुलांच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावायचा नाही. तोपर्यंत घातलेला पैसा परत मिळवायचा म्हणून नवा पैसा घालायचा नाही, हेही लिहिलं. तो गेलेला आहे. पुढच्या वर्षी काय उरेल एवढंच बघायचं. आमची लग्नसराई संपली तेव्हा वही शिल्लक दाखवत होती, म्हणून दुकान आज चालू आहे. उलट दिसलं असतं तर आम्ही बंद केलं असतं, आणि त्यात कमीपणा मानला नसता.

९. बंद करायचं ठरलंच तर

बंद करण्याचीही एक रीत आहे. आधी नव्यानं बनवायच्या ऑर्डरी घेणं थांबवा, घेतलेल्या पुऱ्या करा किंवा पैसे परत करा. जीएसटीची नियमित नोंदणी रद्द केली की तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावं लागतं, आणि उरलेल्या मालावर घेतलेली करसवलत परत करावी लागते. तेव्हा माल आधी संपवा, मग अर्ज करा, आणि सीएला सोबत घ्या. गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि पत्ते कुणालाही विकू नका. ते त्यांनी चप्पल घरी यावी म्हणून दिले होते. दुकानाचा नंबर वर्षभर तरी चालू ठेवा.

आणि या सगळ्याच्या आधी कारागिराचे पैसे चुकते करा. आपल्याला धंदा बदलता येतो, त्यानं आपल्या शब्दावर कातडं आणून ठेवलेलं असतं. त्याला महिनाभर आधी सांगा, राहिलेला माल उचला आणि त्याची बाकी शून्य करून मगच शटर ओढा.