त्रास नाही, मग गोळी कशाला?

बीपीच्या रुग्णांकडून हा प्रश्न मी रोज ऐकतो. त्याचं उत्तर देताना मला अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या कामाचा फार आधार वाटतो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उच्च रक्तदाब लवकर गाठतो. पक्षाघात आणि मूत्रपिंडाचे आजार मागोमाग येतात, तरी अनेकजण डॉक्टरकडे जाणं टाळतात. कारणंही आहेत. टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी संशोधकांनी कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता निरखला. असं घडल्यावर दवाखान्यावर विश्वास बसणार कसा?

व्हिक्टर यांनी आधी डलासमध्ये आणि मग लॉस एंजेलिस परिसरात सलूनची वाट धरली. तिथे माणूस वर्षानुवर्षं एकाच कारागिरापुढे मान झुकवतो, त्याच्याशी मनातलं बोलतो. ५२ सलूनमधून ३१९ पुरुष निवडले, सगळ्यांचा वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त. काही सलूनमध्ये कारागीर फक्त सांगत, ‘खाणंपिणं सांभाळा, डॉक्टरना दाखवा.’ बाकीच्या सलूनमध्ये फार्मासिस्ट स्वतः येत, तिथेच बीपी मोजत, डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीनुसार गोळ्या सुरू करत आणि आकडा उतरेपर्यंत मात्रा वाढवत.

निष्कर्ष २०१८मध्ये आले. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी ९ने उतरला, दुसऱ्या गटाचा २७ने. १३०/८०च्या खाली पहिल्या गटातले जेमतेम १२ टक्के पोचले, दुसऱ्यातले जवळजवळ ६४ टक्के. गोळ्या नव्या नव्हत्या. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या, आपल्याकडेही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या. फरक पडला तो ओळखीच्या जागी पुन्हा पुन्हा मोजण्याने आणि गोळीत खंड न पडण्याने. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हिक्टर गेले. माझ्या मते रक्तदाबाच्या उपचारात याहून मोलाचा धडा क्वचितच कुणी दिला असेल.

तेव्हा मंडळी, लोणचं-पापड कमी करा, रोज चाला, पण तेवढ्यावर विसंबून गोळी परस्पर बंद करू नका. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळेच. ‘एकदा लागली की सुटत नाही’ या भीतीपोटी गोळी टाळणाऱ्यांना पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेलं मी पाहिलं आहे. गुडघेदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नका, त्यांतल्या बऱ्याच बीपी वाढवतात.

मोजताना चहा-तंबाखू घेऊन अर्धा तास होऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला, आणि मोजताना बोलू नका. मिनिटभराने पुन्हा मोजा. घरी आकडा वारंवार १३५/८५ किंवा त्याच्या वर येत असेल तर डॉक्टरांना भेटा. दोन्ही वेळचे आकडे तारखेसह वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला ती वही आठवणीने सोबत आणा.