जुन्या पिकअपचा गळका टर्बो : निदानाची रीत

गाडीच्या टर्बोचार्जरवर ऑईल दिसतांच 'टर्बो गेला' असा निकाल देण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आढळते. परंतु नवा टर्बो महाग असतो. आणि तो बसवूनही गळती थांबली नाहीं, म्हणजे मालकाचा पैसा व्यर्थ जातो. यास्तव गळतीचें मूळ कसें शोधावें, याचा येथें विचार करूं. उदाहरणादाखल अमेरिकेंतील १९८९ सालची डॉज रॅम ही पिकअप गाडी घेऊं. हिच्यांत कमिन्स कंपनीचें ५.९ लिटरचें, सहा सिलिंडरांचें, टर्बो असलेलें डिझेल एंजिन मिळत असे.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. स्विस एंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं जिचें पेटंट घेतलें, तीच कल्पना येथें आहे. एका दांड्याच्या दोन टोकांस दोन पंखे असतात. एंजिनांतून निघणाऱ्या धुराच्या झोतानें एक फिरतो. त्यासरशीं दुसरा फिरून बाहेरची हवा ओढतो व दाबून एंजिनांत भरतो. दांड्याचा वेग मिनिटास लाखभर फेऱ्यांपर्यंत जातो, व तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हें ऑईल पंपाच्या दाबानें येतें, पण परत जातांना केवळ आपल्या वजनानें खालीं उतरतें. टोकांशीं रबरी सील नसून पिस्टन रिंगसारख्या धातूच्या बारीक कड्या असतात. पंख्यांकडील दाबाच्या साह्यानेंच त्या ऑईल अडवितात. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व उलगडतें.

गळती तीन प्रकारची असते.

हवेची गळती : टर्बोपासून एंजिनापर्यंतची रबरी नळी फाटली किंवा क्लिप सैल झाली, कीं गाडीची ओढ कमी होते, धूर काळा येतो व फुसफुस आवाज होतो. एंजिन बंद ठेवून नळींत बेताच्या दाबाची हवा भरावी आणि जोडांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आपण होऊन जागा दाखवितात.

धुराची गळती : हिच्यामुळें जोडापाशीं काजळीचा काळा पट्टा उमटतो.

ऑईलची गळती : फसगत होते ती बहुधा हिच्याच बाबतींत. प्रथम सर्व भाग स्वच्छ पुसून एंजिन थोडा वेळ चालवावें. ऑईल खालीं ओघळतें; म्हणून ओलीचें सर्वांत वरचें ठिकाण शोधावें. तें पुष्कळदां टर्बोवर नसून एंजिनाच्या वरच्या झांकणाशीं किंवा ऑईलच्या नळीच्या जोडाशीं सांपडतें. ऑईल टर्बोच्या आंतूनच येत असेल, तर परतीची नळी तुंबली किंवा चेपली आहे काय, तें पाहावें. नंतर ब्रीदर तपासावा. तो बंद असल्यास किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यास एंजिनाच्या पोटांत दाब वाढतो. मग ऑईलला उतरण्यास वाट राहत नाहीं व तें कड्यांपलीकडे लोटलें जातें. एअर फिल्टर तुंबला असतांही ओढ वाढून ऑईल हवेच्या बाजूस खेंचलें जातें. या सर्व ठिकाणीं टर्बो निर्दोष असूं शकतो.

शेवटीं, एंजिन बंद व थंड असतांना दांडा बोटांनीं हालवून पाहावा. आडवी किंचित् हालचाल स्वाभाविक आहे. परंतु पंखा भोंवतालच्या भिंतीस घासत असेल, किंवा दांडा मागेंपुढें स्पष्ट सरकत असेल, तर मात्र टर्बो खराब झाला असें समजावें.

निळा धूर दाट येऊं लागल्यास गाडी चालवीत राहूं नये. डिझेल एंजिन आंत शिरलेल्या ऑईलवरच भडकून धांवूं लागतें, आणि किल्ली फिरवूनही तें बंद होत नाहीं. चालत्या टर्बोच्या तोंडाशीं हात तर कदापि नेऊं नये.

जेथें डाग दिसतो तेथेंच दोष असतो, असें नाहीं. स्वस्त व सोप्या परीक्षा आधीं, खर्चाचा उपाय शेवटीं, हा क्रम जो पाळील, तोच खरा कारागीर होय.