पूल रिकामा करू नकोस

बंगल्याच्या चाव्या आता तुझ्याकडे आल्या, तेव्हा स्विमिंग पूलचं सांगून ठेवतो. बाग तुला येते, पाहुण्यांची सरबराईही जमेल. पूल भरायला कुणीही शिकतं. पाणी उतरवायचं किती, कसं आणि कधी, यात मात्र लोणावळ्यातले भलेभले केअरटेकर पावसाळ्यात गडबडतात.

इथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. आपला पूल तीस बाय पंधरा फुटांचा. त्यात एक इंच पाणी म्हणजे हजार लिटरच्या जरा वर, एवढा एकच हिशेब पाठ कर. जुलैत एका रात्रीत आठ इंच कोसळला तर साडेआठ हजार लिटर नुसतं वरून आलं. डेकवरून वाहत येतं ते वेगळं, आणि तेच जास्त घाण आणतं. म्हणून मे संपायच्या आत डेकभोवतीच्या चरातली माती-पानं काढून ठेवत जा. निम्मं काम तिथंच वाचतं.

लेव्हल हवी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर. वर चढली की पानं, किडे आत ओढले न जाता पाण्यावरच गोल गोल फिरत राहतात. खाली गेली की स्किमर हवा ओढतो, मोटर एअर घेते, आणि कोरडी फिरली की तिचं सील गेलंच म्हणून समज. मोजायला पट्टी लागत नाही. कडेच्या मोझेक टाइल एक इंची आहेत, ओळी मोजायच्या. सकाळचा चहा घेण्याआधी एक नजर टाकायची सवय लाव.

पाणी काढायच्या आधी ऑटोफिलचा कॉक बंद कर. पाणी ठरावीक लेव्हलच्या खाली गेलं की तो फ्लोट टाकीतलं पाणी सोडायला लागतो. एकीकडून आपण काढतोय, दुसरीकडून बोअरचं पाणी येतंय, आणि माणूस म्हणतो मोटर चालूच आहे तरी लेव्हल हलत का नाही! असे दोन-तीन बंगले मला माहीत आहेत.

रोजचा मार्ग म्हणजे मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. आधी मोटर बंद, मगच दांडा दाबून फिरवायचा. चालू मोटरवर कधीही नाही, आतलं गॅस्केट फाटतं. पण सरळ ‘वेस्ट’वर जाऊ नकोस. फिल्टरवरचं प्रेशर चढलेलं असेल तर पहिलं पाणी ‘बॅकवॉश’वर काढ, नाहीतरी फेकायचंच आहे, तर वाळू तरी धुऊन निघेल. काचेतून पाणी स्वच्छ दिसलं की मोटर बंद, अर्धा-एक मिनिट ‘रिन्स’, आणि उरलेलं ‘वेस्ट’वर. एक ओळ उतरायला किती मिनिटं लागतात हे एकदा घड्याळ लावून बघ आणि मोटरच्या खोलीच्या दाराआड खडूनं लिहून ठेव.

‘वेस्ट’ चालू ठेवून दुसऱ्या कामाला गेलास की हमखास विसरशील. तेवढ्यात गेटवर गॅसवाला येतो, पाहुण्यांना गरम पाणी हवं असतं. मोबाइलला गजर लाव. शिवाय खोलीत लाल फडकं ठेवलंय, ते काम चालू असेपर्यंत मनगटाला बांधून फिर. हसतील पोरं, हसू दे.

सगळ्यात भरवशाचा उपाय मात्र बिनविजेचा आहे. आपला बंगला उतारावर, त्यामुळे बागेतला साधा पाइपच पाणी खाली नेतो. पाइपचं एक टोक नळाला लाव, दुसरं पूलमध्ये बुडव, नळ सोड. बुडबुडे थांबले की पाइप पुरता भरला. मग नळ बंद करून नळाकडचं टोक काढ, लगेच अंगठ्यानं दाबून धर, आणि उतारावर खाली नेऊन सोड. तोंडानं ओढायच्या भानगडीत पडू नकोस, ते क्लोरीनचं पाणी आहे. आता खरी खुबी ऐक. पूलमधलं टोक तळाशी सोडायचं नाही. जिथपर्यंत पाणी उतरवायचंय, बरोबर त्या ओळीवर ते बांधायचं. पाणी तिथं आलं की पाइप हवा घेतो आणि आपोआप थांबतो. अर्धा इंची पाइप हळू चालतो, एका इंचाला काही तास लागतात, पण रात्री लावून झोपता येतं. लाइट गेली तरी काम अडत नाही, आणि पावसात लाइट जातेच.

सबमर्सिबल टाकायचीच वेळ आली तर आरसीसीबी असलेल्या बोर्डवरच लाव. पाण्यात माणूस असताना ती चालवायची नाही, मग गेस्ट कितीही म्हणोत. ढगांचा गडगडाट सुरू झाला की पूलच्या काठावर थांबायचं नाही. पूलच्या तळाच्या मेन ड्रेनची जाळी फुटलेली दिसली तर ती बदलेपर्यंत कुणालाही आत उतरू द्यायचं नाही. तिथली ओढ पोराचा हात किंवा केस धरून ठेवते, मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही.

काढलेलं पाणी सोडायचं कुठं? शेजाऱ्याच्या कंपाउंडकडे नाही, हे तुला सांगायला नको. रिटेनिंग वॉलच्या मागेही नाही. तिथली माती आधीच पाण्यानं फुगलेली असते, आणखी भार पडला तर भिंत पोट काढते. शोषखड्ड्यातही नाही. रस्त्याकडेच्या गटारात सोड. मागच्या ओढ्यात ताजं क्लोरीनचं पाणी गेलं तर मासे, बेडूक मरतात, म्हणून क्रम असा ठेव: आधी पाणी उतरव, मग पावडर टाक. शनिवारी गेस्ट येणार असतील तर गुरुवारी लेव्हल, शुक्रवारी औषध. पावडर टाकून दुसऱ्या दिवशी पाणी फेकणं म्हणजे मालकाचे पैसे गटारात. पावसाचं पाणी क्लोरीन पातळ करतं आणि पीएचही ढळवतं, त्यामुळे टेस्ट किट पाणी उतरवून झाल्यावरच काढायचं.

हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की आधीच दोन-तीन ओळी उतरवून जागा करून ठेव. त्याहून खाली नाही. कारण आता सांगतो ते ध्यानात ठेव. पावसाळ्यात ‘एकदाचा रिकामा करून घासून काढू’ असं मालकच सुचवतात. त्यांना नम्रपणे नाही म्हण. या दिवसांत पूलच्या भोवतीची जमीन पाण्यानं भरलेली असते आणि ते पाणी पूलला खालून वर ढकलतं. तळाच्या वर फूटभर भूजल चढलं तरी आपल्या पूलवर बारा टनांहून जास्त रेटा येतो. आतलं पाणी तो रेटा दाबून धरतं. ते काढलंस तर विहिरीत सोडलेल्या रिकाम्या घागरीसारखा पूल वर येऊ पाहतो. टाइल सुटतात, तळाला तडा जातो, फायबरचा असेल तर अख्खा उचलला जातो. तळाशी प्रेशर सोडणारा हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह असतो खरा, पण तो मातीनं तुंबलेला नाही याची खात्री कोण देणार?

रिकामा करायचाच तर एप्रिल-मे, जमीन कोरडी असताना, आणि ज्यानं पूल बांधला त्याला विचारून. फायबरचा तर तेव्हाही नाही. उन्हाळ्यात थोडं पाणी बदलायला दुसरंही कारण असतं. क्लोरीनच्या गोळ्यांमधून स्टॅबिलायझर साठत जातो. तो फार झाला की कितीही क्लोरीन टाक, पाणी हिरवं पडतंच. त्याला पाणी बदलण्याशिवाय सोपा इलाज नाही. पण तेव्हा टँकरचा भाव बघून मालकाला आधी आकडा सांग, म्हणजे नंतर बोलणी खावी लागणार नाहीत.

आणि हो, मल्टिपोर्टचं स्पायडर गॅस्केट झिजलंय. व्हॉल्व्ह ‘फिल्टर’वर असतानाही वेस्टच्या पाइपमधून थेंब थेंब गळतं. पहिला पाऊस लागायच्या आत ते बदलून घे, जूननंतर गावात प्लंबर मिळत नाही.