नागीण अर्ध्या अंगावरच का थांबते?

अंगावर नागीण उठली की घरातील वडीलधारी माणसे घाबरून सांगतात, "तिचे तोंड आणि शेपूट एकत्र मिळाले की माणूस दगावतो." मग लेप लावले जातात, मंत्र घातले जातात आणि उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. या भीतीचे उत्तर आपल्याच शरीराच्या रचनेत आहे.

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपासून मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघतात: मानेच्या 8, छातीच्या 12, कमरेच्या 5, त्रिकास्थीच्या 5 आणि माकडहाडाची 1. प्रत्येक जोडीतील एक तंतू उजवीकडे, दुसरा डावीकडे जातो. मानेची पहिली जोडी सोडल्यास प्रत्येक तंतू त्वचेच्या ठरावीक पट्ट्यातील स्पर्श, वेदना, उष्णता व थंडी यांची वार्ता मज्जारज्जूकडे पोहोचवतो. छातीची चौथी जोडी स्तनाग्रांच्या रेषेतील पट्टा सांभाळते, तर दहावी बेंबीच्या रेषेतील. कमरेच्या पाचव्या जोडीचा पट्टा पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत उतरतो. म्हणूनच तंतू कमरेत दाबला गेला तरी मुंग्या पायाला येतात.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचे विषाणू तंतूच्या मुळाजवळील गाठीत सुप्त राहतात. उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर ते जागे होतात व त्याच तंतूच्या वाटेने त्वचेवर येतात. हीच नागीण. 1900 साली इंग्लंडमध्ये हेन्री हेड व कॅम्पबेल यांनी नागिणीच्या रुग्णांचा अभ्यास करून हे पट्टे रेखाटले.

तंतू एकाच बाजूचा, म्हणून पुरळही अंगाच्या मध्यरेषेपाशी थांबते. क्वचित दोन्ही बाजूंना उठले, तरी टोके मिळाल्याने कोणी मरत नाही. मात्र पुरळ अंगभर पसरले, तर प्रतिकारशक्ती फार घटली असण्याची शक्यता असते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.

खरा धोका उशिराचा आहे. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्यास अधिक गुण येतो. विशेषतः वृद्धांमध्ये पुरळ गेल्यावरही आग व ठणका महिनोन्‌महिने राहू शकतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास डोळ्याला इजा होऊ शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. फोड सुकेपर्यंत गरोदर स्त्रिया व तान्ह्या बाळांपासून दूर राहावे.

तेव्हा कोणाला नागीण झाली, तर तोंड-शेपूट मोजत बसू नका. किती तास झाले ते मोजा आणि रुग्णाला दवाखान्यात न्या.