जाडी बांधणारा रंधा



घरच्या सुतारकामासाठी थिकनेस प्लेनर, म्हणजे फळी एका बाजूने ओढून घेऊन फिरत्या पात्यांखालून ती सर्वत्र सारख्या जाडीची करून देणारे यंत्र, घेण्याचे ठरले असल्यास प्रथम हे जाणून घ्यावे की ते फळीची जाडी सारखी करते, तिचा पीळ काढत नाही. आतले रूळ वाकडी फळी दाबून धरतात, पाती वरचा थर काढतात आणि दाब सुटताच फळी पुन्हा मूळच्या वळणावर जाते. हाती उरते ती पातळ झालेली, पण तितकीच वाकडी फळी. म्हणून एक अंग आधी हातरंध्याने सपाट करून, सरळ पट्टी लावून तपासावे आणि तेच अंग खाली ठेवून फळी यंत्रात घालावी. पीळ मोठा असल्यास फळी जाड, सपाट प्लायवर ठेवून अधांतरी कोपऱ्यांखाली पाचरी चिकटवाव्यात व प्लायसकट ती यंत्रातून काढावी, म्हणजे फळीचे एक अंग सपाट करणाऱ्या सरफेस प्लेनरचा वेगळा खर्च वाचतो.

82 मिलिमीटर रुंदीचा, हातात धरायचा विजेचा रंधा स्वस्त मिळतो. परंतु त्यात जाडी बांधण्याची सोय नसल्याने तो या कामाचा नव्हे. टेबलावर ठेवायच्या यंत्रांपैकी मकिताचे 2012एनबी उदाहरणादाखल घ्यावे: रुंदी 304 मिलिमीटर, मोटर 1,650 वॉटची, म्हणजे घरच्या सिंगल फेजवर सुमारे 7 अँपिअर, ज्यासाठी 16 अँपिअरचा सॉकेट आणि पक्के अर्थिंग हवे. दोन पाती मिनिटाला 8,500 फेरे घेतात आणि तेवढ्यात फळी 8.5 मीटर सरकते, म्हणून प्रत्येक मिलिमीटरवर दोन काप पडतात. पृष्ठभागाची सफाई या हिशेबावर ठरते, जाहिरातीवर नव्हे. अमेरिकेतून कोणी स्वस्तात यंत्र आणून देत असल्यास ते 120 व्होल्टचे असते, हे विसरू नये.

सरफेस प्लेनर न घेतल्याने वाचलेले पैसे जादा पात्यांसाठी ठेवावेत. सागात वाळूसारखी सिलिका असते, तिने धार लवकर बोथट होते. आणि जुन्या घराच्या तुळया-वाशांत राहिलेला एक खिळा नव्या पात्याला खाच पाडतो, म्हणून असे लाकूड चुंबक फिरवून पाहिल्याखेरीज आत घालू नये.

आपल्या घोटीत मात्र पावसाचा विचार सर्वांत अधिक करावा लागतो. इगतपुरीच्या पट्ट्यातील दमट हवेत लाकूड ओल घेऊन रुंदीत आणि जाडीत फुगते, उन्हाळ्यात ते आवळते, आणि श्रावणात नेमकी बांधलेली जाडी चैत्रात तशी राहत नाही. तेव्हा फळी आधी दोन-तीन मिलिमीटर जाड ठेवावी, मध्ये पट्ट्या घालून काही दिवस रचून ठेवावी आणि मगच शेवटचा हात द्यावा. थरही दोन्ही अंगांनी सारखा काढावा, कारण एकाच अंगाने काढल्यास आतली ओल उघडी पडून फळीला वाटीसारखा बाक येतो. पावसाळ्यात काम थांबले की पात्यांना आणि तळपाटाला तेलाचा हात फिरवून यंत्र झाकून ठेवावे.

वर्षाकाठी दहा-बारा फळ्यांचेच काम असेल, तर जवळच्या वखारीत त्या मजुरीवर रंधून मिळतात का, याची चौकशी खरेदीआधी करावी.