मोठ्या बुंध्यासाठी कटर घेताना

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धनपासून खाली दापोलीपर्यंतच्या बागा आडव्या करून गेलं. माड-पोफळी गेल्याच, पण पणजोबांच्या हातचे आंबे-फणसही मुळासकट उपटले. कित्येक दिवस वीज नव्हती, रस्ते बंद होते. ज्याच्या घरी चालू कटर, म्हणजे पेट्रोलवरची चेन-सॉ, त्याच्या दारात पहाटेपासून माणसं उभी असत. पुढच्या वर्षी तौक्ते चक्रीवादळ आलं. तेव्हापासून आमच्याकडे कटर ही कोयत्या-कुऱ्हाडीसारखी घरात असायची वस्तू झाली.

बहुतेकांनी घेतले ते 58 सीसीचे, 22 इंची बारचे (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी). वाटेवरचं झाड बाजूला करायला, फांद्या उतरवायला, जळणाचे तुकडे पाडायला ते पुरतात. पडलेल्या बुंध्याच्या फळ्या काढायचं मनात आलं की मात्र खरा प्रश्न उभा राहतो. शेजारच्या भाऊंचा जुना फणस पडला होता. गाभा हळदीसारखा पिवळाधमक. त्यातून दारं करायची म्हणून त्यांनी बारला लावायची फळ्या काढण्याची चौकट आणवली. पहिली फळी अर्ध्यावर आली तेव्हाच चेन बोथट होऊन धूर निघायला लागला होता. दुसऱ्या फळीत मशीन किंचाळलं आणि जाम झालं. उघडल्यावर पिस्टनवर उभे ओरखडे दिसले. दुकानदार म्हणाला, हे फांद्या तोडायचं मशीन, फळ्यांचं नव्हे. त्याचं म्हणणं खरं होतं, फक्त ते विक्रीच्या दिवशी सांगायला हवं होतं.

ही चूक भाऊंची नव्हती. डब्यावर सीसी मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ते मशीन पूर्ण भाराखाली किती वेळ तग धरेल, हे कुठेच लिहिलेलं नसतं. झाड पाडताना एक काप मिनिट-दोन मिनिटांत संपतो आणि मशीनला श्वास घ्यायला वेळ मिळतो. फळी काढताना ओंडक्याची सगळी रुंदी एकदम चेनच्या तोंडी असते, दात तंतूंच्या टोकांवर चालतात आणि मशीन दहा-दहा मिनिटं पूर्ण रेसवर राहतं. टू-स्ट्रोक इंजिनाला थंडावा देण्यात पेट्रोलच्या मिश्रणाचाही वाटा असतो. ते थोडं जरी कमी पडलं, की पिस्टन भाजतो. म्हणून चिरकामाच्या मशीनचा कार्बोरेटर पेट्रोल किंचित जास्त सोडेल असा लावून घ्यावा, आणि प्रत्येक फळीनंतर मशीन लगेच बंद न करता थोडा वेळ मंद चालू ठेवावं, म्हणजे पंखा उष्णता बाहेर काढतो.

आता ताकदीचं. 70 सीसीच्या आसपासचं चांगल्या बनावटीचं मशीन, उदाहरणार्थ 72 सीसीचं आणि 3.9 किलोवॉटचं स्टिल एमएस 382, दीड फुटापर्यंतच्या ओंडक्याच्या फळ्या सावकाश काढू शकतं. त्याहून रुंद आंबा-फणस असेल तर 90 सीसीच्या खाली मी कुणालाच सांगणार नाही. त्या वर्गात एमएस 661 आहे (91 सीसी, 5.4 किलोवॉट), हस्क्वार्नाचं 395 आहे. त्याच्याही वर एमएस 881, जवळपास 122 सीसीचं. पण त्याचं नुसतं इंजिनच दहा किलोच्या घरात जातं. बार, चेन, पेट्रोल आणि चौकट धरून वजन आणखी वाढतं. आपल्या लाल मातीच्या निसरड्या उतारावर ते दिवसभर कोण ढकलणार, हे पैसे मोजण्याआधी ठरवा. बारची लांबीही फसवी असते. चौकटीची पकड दोन्ही टोकांना काही इंच खाते, म्हणून 36 इंची बारवर साधारण 30-31 इंचांचीच फळी निघते.

पाडण्यासाठी मात्र इतका लांब बार लागत नाही. बुंध्याच्या व्यासापेक्षा आखूड बारने दोन्ही बाजूंनी काप घेऊन झाड पाडता येतं. हलकं मशीन हातात असेल तर माणूस मागे सरकायला मोकळा राहतो. पडणाऱ्या झाडाखालून वाचायचं असेल तर हे मोकळेपण लागतंच. पाडायला एक आणि चिरायला दुसरं मशीन परवडत असेल तर तसंच करावं.

वादळात उलथलेल्या झाडाबद्दल तर हात जोडून सांगतो. मुळांचा मातीसकट गड्डा उभा राहिलेला असतो आणि बुंधा वाकून ताणलेला असतो. बुंधा कापला की तो गड्डा एका क्षणात परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे कुणालाही, विशेषतः पोराबाळांना, उभं राहू देऊ नका. ताण कुठल्या बाजूला आहे हे कळत नसेल तर तो काप जाणत्या माणसाकडे सोपवा. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की कटर उसळून तोंडावर येतो. हेल्मेट-जाळी, कानांवर मफ आणि चेन अडवणारी जाड पँट यांचा खर्च मशीनच्या किमतीतच धरा. लुंगीवर कटर चालवणारी माणसं मी रोज बघतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

चेनचा खर्च मशीनच्या मानाने अगदी थोडा, पण निम्मं काम तीच करते. नेहमीच्या आडव्या कापाच्या चेनच्या दाताला 30 अंशांच्या आसपास तिरपी धार असते. फळ्यांसाठी ती सुमारे 10 अंशांवर घासतात. फळीचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो. फणसाचा चीक चेनवर साठतो, तो वरचेवर काढा. घराजवळच्या आंब्यात कपडे वाळवायच्या दोरीचा खिळा हमखास असतो. साल सोलून काळा डाग दिसतो का ते बघा. एअर फिल्टर प्रत्येक टाकीला झाडा. बारच्या तेलाच्या जागी गाडीचं काळं ऑइल ओतायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, ती सोडा. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, आणि ते सगळं शेवटी बागेच्या मातीत आणि विहिरीत उतरतं. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. लिटरला 20 मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल घालून लागेल तेवढंच मिश्रण करा आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा.

इतकं सगळं करूनही एक हिशेब राहतोच. चेन प्रत्येक कापात जवळपास एक सेंटिमीटर लाकडाचा भुसा करते. इंची फळ्या काढल्या तर पाव भागाहून जास्त लाकूड भुशात जातं. दोन इंची फळ्या, तुळया, खांब यांसाठीच हे साधन योग्य. ट्रक ओंडक्यापर्यंत पोचत असेल तर सरळ गिरणीवर न्या.

आणि कागद. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ आहेत. स्वतःच्या जमिनीतलं उभं झाड तोडायलाही परवानगी लागते. माल हलवायचा तर वाहतुकीचा पास हवा. यंत्रावर चिरण्याचे नियम आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. वादळात पडलेल्या झाडाची भरपाई हवी असेल तर पंचनाम्याआधी त्याला हात लावू नका.

मोठं मशीन एकट्याने घ्यायची गरज सहसा नसते. वाडीतल्या पाच-सहा बागायतदारांनी मिळून घ्यावं आणि चालवायला एकच शिकलेला माणूस ठेवावा. दुकानात गेल्यावर किंमत विचारण्याआधी विचारा, पिस्टन, स्प्रॉकेट आणि फळ्यांची चेन तालुक्यात मिळते का, दुरुस्ती कोण करतो. त्या दुरुस्तीवाल्याला प्रत्यक्ष भेटून या आणि मगच पैसे मोजा.