सड्यावरून विद्यापीठाकडे

पावसाळ्यात आंबोलीत धुक्यामुळे शेजारचं घर दिसत नाही, मोबाइलला रेंज कुठली! प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून घरी परतले, तेव्हा बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी विद्यापीठांतल्या नोकरीच्या जाहिराती बघायचे. त्या दोन वर्षांतले हे अनुभव.

१. आपलं विद्यापीठ कोणतं, हे नकाशाला विचारू नये. जिल्हा मुंबई विद्यापीठाचा. पण आम्हाला आजऱ्यावरून कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ, घाट उतरून गेलं की गोवा विद्यापीठ. कृषी विद्यापीठ म्हटलं की मला दापोलीच आठवायची. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्रही त्याच विद्यापीठाचं, हे मला सांगितलं 'वेंगुर्ला-४' काजूची कलमं लावणाऱ्या एका काकांनी! कायम पदांची भरती आरक्षणाच्या बिंदुनामावलीत आणि मंजुरीत अडकून पडते. प्रकल्पातली पदं मात्र विभागाच्या एखाद्या कोपऱ्यातल्या सूचनेत येतात आणि पंधरवड्यात मुदत संपते. संकेतस्थळाचं मुख्य पान बघत बसून मी अशा तीन जागा घालवल्या.

२. मानधनाआधी मुदत वाचावी. केंद्राच्या विज्ञान खात्यांच्या प्रकल्पांत नेट-गेटवाल्या कनिष्ठ संशोधन फेलोला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. आकडा बघून घरचे हरखतात. खाली बारीक अक्षरात 'प्रकल्प संपेपर्यंत' असं असतं, ते कुणी मोठ्याने वाचत नाही.

३. कागदांची फाइल जूनच्या आधी. जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल. दरड कोसळली की तालुक्याला जाणं राहतं.

४. मुलाखतीत पाठ केलेलं फार वेळ टिकत नाही. माझी आय म्हणायची, "गो, येवडा शिकान बेडूक मोजूक जातंस?" नेमकं तेच कामाला आलं. आंबोली टोड हा शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला २००९ साली. आम्ही तो आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, लहानपणापासून बघतोय. पहिल्या सरी पडल्या की जांभ्या दगडातल्या उथळ डबक्यांपाशी नर ओरडू लागतात. डबकं आटलं तर अंडी गेली. मुलाखत घेणाऱ्या सरांनी विचारलं, रात्री पावसात काम कराल? मी म्हटलं, विजेरी माझीच आणते. पुस्तकातले प्रश्न नंतर दोनच आले, त्यातला एक चुकला. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशाला २०२० मध्ये नाव मिळालं, तेव्हापासून आमच्याकडे संशोधकांची ये-जा वाढलीय. त्यांच्याबरोबर सड्यावर फिरणाऱ्या पोरांनी ते दिवस आपल्या अर्जात 'अनुभव' म्हणून लिहावेत. लाजू नये.

५. सहा महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवावा. अनुदानाचा हप्ता आला नाही म्हणून माझं पहिलं मानधन पाचव्या महिन्यात मिळालं. तोवर खोलीचं भाडं आयेने काजू विकून दिलं. रुजू होण्याआधी त्या जागेवर आधी असलेल्या मुलीला फोन केला असता, तर हे कळलं असतं.

आता माझ्या प्रकल्पाचे अकरा महिने उरलेत. दर सोमवारी सकाळी त्याच चार विद्यापीठांची पानं पुन्हा उघडते.